निसर्ग वादळ, आमची कांदाचाळ आणि पंचनाम्याचा कागद

निसर्ग चक्रीवादळाचा विषय निघाला की बोलणे श्रीवर्धन, मुरूड, दिवेआगर येथील आडव्या झालेल्या नारळी-पोफळीच्या वाड्यांकडे वळते आणि ते योग्यच आहे. 3 जून 2020 रोजी दुपारी अलिबागच्या दक्षिणेस हे वादळ जमिनीवर आले तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी 110 ते 120 किलोमीटर होता. वाड्या उभ्या करायला पिढी खर्ची पडते, त्यामुळे रायगडने जे सोसले त्याच्या पंगतीला आमचे नुकसान बसवण्याचा माझा मुळीच विचार नाही. मात्र तेच वादळ घाट चढून वर आले आणि त्याच रात्री नाशिक जिल्ह्यातून गेले. तेथे त्याने काय केले आणि ते सरकारी कागदावर कसे उतरले, किंवा उतरले नाही, हे मी जवळून पाहिले असल्याने लिहून ठेवत आहे.

नाशिककरांच्या आठवणीतील संकटे पाण्याची असतात. 1969 चा गोदावरीचा पूर, 2008 चा पूर, 2016 चा पूर या खुणा शहरातील जुन्या माणसांना तोंडपाठ आहेत आणि पाणी गोदाघाटावरील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला लागले की छातीला, एवढ्यावरून पुराची प्रत ठरते. वाऱ्यासाठी आमच्याकडे असे माप नाही, कारण त्याची कधी गरजच पडली नव्हती. समुद्रापासून आम्ही सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास आत असू, मध्ये सह्याद्री आहे आणि समुद्रात उठणारी वादळे हा कोकणाचा प्रश्न, अशी सर्वांची धारणा होती. 2009 च्या नोव्हेंबरात फयान वादळ कोकण किनाऱ्यावर येऊन गेले होते, तरी ती धारणा फारशी हलली नव्हती.

मी नाशिक शहरातील एका शाळेत शिकवते. टाळेबंदीमुळे शाळा बंद झाली आणि आम्ही सिन्नर तालुक्याच्या पूर्व भागातील आमच्या गावी राहायला गेलो. सासरे, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, दीर, जाऊबाई आणि मुले असा मोठा गोतावळा त्या काळात एका छताखाली होता. उन्हाळ कांद्याची काढणी एप्रिलमध्येच उरकली होती. एरवी आबा निम्मा कांदा लगेच विकून निम्मा चाळीत, म्हणजे कांदा साठवण्याच्या हवेशीर शेडमध्ये, टाकतात, पण त्या वर्षी बाजार समित्या कधी चालू तर कधी बंद असत आणि लासलगावला सरासरी भाव क्विंटलला सातशे-आठशे रुपयांच्या आसपास घुटमळत होता. त्या भावात काढणीचा आणि वाहतुकीचा खर्चही पदरी पडत नाही. त्यामुळे जवळजवळ सगळा माल चाळीत गेला. आमच्यासारख्या बहुतेक घरांची तीच गत होती, म्हणजे त्या जूनमध्ये जिल्ह्यातील कांदा शेतात नव्हता आणि बाजारातही नव्हता. तो चाळींमध्ये भरून ठेवलेला होता. पुढची सगळी गुंतागुंत या एका गोष्टीतून निघाली.

चाळीची रचना येथे थोडी सविस्तर सांगावी लागेल, कारण वाचणाऱ्यांपैकी अनेकांनी चाळ रस्त्यावरूनच पाहिली असेल. आमची चाळ पंचवीस टनांची, एकपाखी, म्हणजे एकाच रांगेची; दुपाखीत दोन रांगा असतात. टनाला 3,500 रुपये या दराने तेव्हा अनुदान मिळे त्या नमुन्याची. जमिनीपासून सुमारे दोन फूट उंच तळ, त्यालाही फटी, दोन्ही लांब बाजूंना बांबूच्या किंवा लाकडाच्या पट्ट्या आणि वर पन्हाळी पत्रा. कांद्याला वारा लागला पाहिजे, कोंडलेली ऊब बाहेर पडली पाहिजे, तरच तो ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टिकतो, म्हणून एकपाखी चाळ दक्षिणोत्तर बांधायची आणि दुपाखी चाळ पूर्व-पश्चिम, अशी शिफारस आहे. आमची चाळ त्याप्रमाणे दक्षिणोत्तर होती, म्हणजे तिच्या लांब बाजू पूर्वेला आणि पश्चिमेला. पावसाळ्यात आमच्याकडे झड येते ती पश्चिमेकडून किंवा नैर्ऋत्येकडून. त्यामुळे पश्चिमेची बाजू मृगाच्या आधी शेडनेटने आणि ताडपत्रीने झाकून घ्यायची आणि पूर्वेची बाजू वाऱ्यासाठी मोकळी ठेवायची, ही परिसरातील प्रत्येक चाळीची रीत होती. आजूबाजूच्या चाळी पाहिल्या तर सगळ्यांची तोंडे एकाच दिशेला झाकलेली दिसत.

वादळाची बातमी 1 जूनपासून दूरदर्शनवर आणि भ्रमणध्वनीवर येत होती. अरबी समुद्रात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले, 2 तारखेला त्याचे चक्रीवादळ झाले आणि बांगलादेशाने सुचवलेले निसर्ग हे नाव त्याला मिळाले. नकाशावरील लाल रंग मुंबई, ठाणे, पालघर आणि रायगडवर होता. आमच्यासाठी जोरदार पाऊस आणि सोसाट्याचा वारा एवढीच सूचना होती आणि ती ग्रामपंचायतीच्या ध्वनिक्षेपकावरूनही सांगितली गेली: जनावरे झाडाखाली बांधू नका, पत्र्याच्या शेडमध्ये थांबू नका. या सूचना चांगल्या आणि वेळेवर होत्या, हे मुद्दाम नमूद करते. दीर आणि माझे पती यांनी पश्चिमेची ताडपत्री दुहेरी केली, पत्र्यांवर वाळूची पोती टाकली, सैल हुक आवळले आणि गोठ्यातील गाई घराशेजारच्या पडवीत आणल्या. आबांचे म्हणणे असे की रोहिणीचा पाऊस आहे, तासभर पडेल आणि जमिनीला वाफसा देऊन जाईल.

3 तारखेला दुपारी ढग आले ते चुकीच्या बाजूने. पश्चिमेकडे पाहण्याची सवय असलेल्या घरातील प्रत्येकाला वारा पाठीमागून लागत होता. चक्रीवादळाचा वारा आपल्या गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. वादळाचे केंद्र पुण्याच्या बाजूने ईशान्येकडे सरकत होते, म्हणजे आमच्या दक्षिणेकडून आणि पुढे पूर्वेकडून जात होते, आणि अशा केंद्राच्या डाव्या अंगाला असणाऱ्याला वारा प्रथम पूर्वेकडून-ईशान्येकडून आणि नंतर उत्तरेकडून बसतो. ही माहिती मी नंतर वाचली. त्या संध्याकाळी आम्हाला एवढेच कळले की पाऊस पूर्वेकडून आडवा येतो आहे आणि चाळीची नेमकी तीच बाजू उघडी आहे.

अंधार पडण्यापूर्वीच वीज गेली. घरातील पुरुष माणसे बारदाने, जुने मेणकापड, बैलगाडीवरची ताडपत्री, जे हाती लागेल ते घेऊन चाळीकडे धावली. मी आणि जाऊबाई घरातील सतरंज्यासुद्धा काढून देत होतो. वाऱ्यात ताडपत्री बांधणे म्हणजे काय, हे केल्याशिवाय समजत नाही. एक कोपरा बांधेपर्यंत दुसरा सुटतो आणि सुटलेला कोपरा तोंडावर येऊन आदळतो. थोड्या वेळाने आबांनी सगळ्यांना हाक मारून आत बोलावले. कांदा पुन्हा पिकेल, असे काहीसे ते म्हणाले आणि मग बराच वेळ कोणाशीच बोलले नाहीत.

रात्री पत्र्यांचा आवाज येत राहिला. प्रथम सुटा पत्रा थडथडतो, मग तो हुकापासून ओरबाडला जातो, आणि त्यानंतर तेथून काहीच ऐकू येत नाही, कारण पत्रा गेलेला असतो. आम्ही घरात बसून हे आवाज मोजत होतो आणि कोणता गोठ्याचा, कोणता चाळीचा याचे अंदाज बांधत होतो. तोपर्यंत, हवामानशास्त्राच्या मोजपट्टीनुसार, ते चक्रीवादळ राहिलेही नव्हते. समुद्राची वाफ तुटली, जमिनीचे घर्षण लागले आणि मध्यरात्रीच्या सुमारास त्याची तीव्रता एक पायरी उतरली होती. ताशी 62 किलोमीटरपेक्षा कमी वारा असेल तर ते चक्रीवादळ नव्हे. एकदा हुक उपटलेल्या पत्र्याला मात्र पन्नास किलोमीटरचा वाराही पुरतो.

सकाळी पाऊस थांबला होता. गोठ्याचे छत जवळजवळ पूर्ण उडाले होते आणि काही पत्रे शेजारच्या मळ्यातील डाळिंबात जाऊन पडले होते. चाळीच्या उत्तरेकडील टोकाचे पत्रे गेले होते, बाकीचे वाकून का होईना टिकले होते. दुरून पाहणाऱ्याला चाळ ठीकच वाटली असती. जवळ गेल्यावर पूर्वेच्या पट्ट्यांमधून पाणी ठिबकताना दिसले आणि आत हात घातल्यावर कांदा गार, ओला लागला. आबांनी हात बाहेर काढून वास घेतला. ओल्या कांद्याला लगेच वास येत नाही, तो चार-पाच दिवसांनी येतो, आणि तेव्हा करण्यासारखे फारसे उरत नाही, हे त्यांना ठाऊक होते.

म्हणून चाळ फोडण्याचा निर्णय त्याच सकाळी झाला. एरवी चाळ फोडतात ती विक्रीसाठी. भरलेली चाळ पुन्हा रिकामी करून कांदा पसरायचा तर कोरडी, सावलीची आणि वाऱ्याची जागा पाहिजे, आणि वादळानंतर नेमकी तीच कोठे नव्हती. घराची पडवी, मारुतीच्या मंदिराचा सभामंडप, कुलूप लागलेल्या शाळेचा व्हरांडा, असे जेथे छत दिसेल तेथे गावातील माणसांनी कांदा पसरला. मंदिरे त्या काळात भाविकांसाठी बंद होती, पण कांद्याला कोणी अडवले नाही. मजुरांची अडचण मोठी होती. आमच्याकडे काढणीला सुरगाणा आणि पेठकडील मजूर येतात; ते भातपेरणीसाठी आपापल्या गावी परतले होते आणि कोरोनामुळे पुन्हा बोलावण्याचा प्रश्न नव्हता. घरची माणसे आणि सावडीने आलेले शेजारी एवढ्यांवर काम चालले.

निवड करण्याचे काम बायकांकडे आले, कारण ते नेहमीच आमच्याकडे असते. ओला पण घट्ट कांदा एका बाजूला, मान मऊ पडलेला दुसऱ्या बाजूला, पत्ती सुटून काजळी धरू लागलेला तिसरीकडे. मान दाबून पाहायची, हे जाऊबाईंनी मला शिकवले. वरून लाल, चकचकीत दिसणारा कांदाही मानेपाशी दबला की तो आतून जाणार, आणि असा एक कांदा ढिगात राहिला तर भोवतालचे घेऊन जातो. 5 जूनला वटपौर्णिमा होती. गावाबाहेरच्या वडाची मोठी फांदी वादळात मोडून पारावर पडली होती. बायका मुखपट्ट्या लावून, अंतर ठेवून, ती फांदी ओलांडून पूजा करून आल्या आणि परत ढिगाशी बसल्या. वीज नसल्याने पंखे लावता येत नव्हते. फोन ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज होत. चाळीच्या साधारण चौथ्या हिश्श्यातील माल शेवटी उकिरड्यावर गेला. उरलेल्यातला बराचसा त्याच महिन्यात मिळेल त्या भावाने काढावा लागला, कारण एकदा भिजलेला कांदा दिवाळीपर्यंत टिकेल याची खात्री कोणी देईना.

दरम्यान पंचनाम्यांचे आदेश आल्याचे कळले. घरात कागदपत्रांचे काम माझ्याकडे आले. सातबारा, आठ-अ, आधार, बँकेच्या पासबुकाची प्रत आणि नुकसानीची छायाचित्रे असे सारे मी एका पिशवीत तयार ठेवले. तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक असे तिघे एकत्र फिरत होते. तिघांच्याही गळ्यात मुखपट्टी, हातात फायली आणि त्याच दिवसांत करोनाच्या सर्वेक्षणाची जबाबदारीही. त्यांच्या वागण्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. त्यांनी चाळीत जाऊन पाहिले, आबांचे ऐकून घेतले, चहा मात्र कोरोनामुळे घेतला नाही.

अडचण तक्त्यात होती. खातेदाराचे नाव, गट क्रमांक, पिकाचे नाव, लागवडीखालील क्षेत्र, बाधित क्षेत्र, नुकसानीची टक्केवारी असे रकाने क्रमाने होते. सातबाऱ्यावर रब्बीचा कांदा नोंदलेला होता, पण 3 जूनला ते शेत नांगरून रिकामे पडले होते. रिकाम्या शेतात बाधित क्षेत्र किती लिहायचे? शून्य. कृषी सहायकांनी समजावून सांगितले की शेतीपिकाची मदत क्षेत्रावर मिळते आणि नुकसान 33 टक्के किंवा त्याहून अधिक असावे लागते. तेव्हा लागू असलेल्या राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत कोरडवाहू पिकाला हेक्टरी 6,800, बागायतीला 13,500 आणि बहुवार्षिक पिकाला 18,000 रुपये, तेही दोन हेक्टरांच्या मर्यादेत. राज्य शासनाने नंतर निसर्ग वादळासाठी वेगळे वाढीव दर जाहीर केले आणि फळबागांचा दर हेक्टरी 50,000 रुपयांपर्यंत नेला. या सर्व आकड्यांत पीक उभे असले पाहिजे, हे गृहीत आहे. काढून, वाळवून, चाळीत भरलेला माल कोणत्या शीर्षाखाली धरायचा याची सोय त्यात नव्हती.

मी पीकविम्याचे विचारले. प्रधानमंत्री पीकविमा योजनेत तेव्हा काढणीनंतरच्या नुकसानीला संरक्षण होते, पण ते शेतात सुकवण्यासाठी पसरून ठेवलेल्या पिकाला, आणि काढणीपासून 14 दिवसांपर्यंत. आमची काढणी एप्रिलमधील. म्हणजे कांदा मातीत असता तर तो पीक ठरला असता, बांधावर वाळत असता तर विम्याच्या कक्षेत येण्याची शक्यता होती, विकला असता तर तो व्यापाऱ्याचा माल झाला असता. सरकार ज्या साठवणुकीला अनुदान देऊन प्रोत्साहन देते, त्या साठवणुकीत असतानाच तो कोणाच्याही हिशेबात नव्हता. हे कोणा एका अधिकाऱ्याने ठरवलेले नाही. निकष तयार करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे उभी पिके, घरे आणि जनावरे असणार आणि त्या दृष्टीने ते निकष चुकीचेही म्हणता येत नाहीत. पण कांद्याच्या जिल्ह्यात उन्हाळ्याच्या अखेरीस शेतकऱ्याची वर्षाची कमाई शेतात नसते, एवढी साधी गोष्ट त्यांत कोठे दिसत नाही.

गोठ्याची नोंद मात्र व्यवस्थित झाली. त्यासाठी रकाना होता; तेव्हाच्या मूळ निकषांत गोठ्याला 2,100 रुपये धरलेले होते, आणि तेवढ्यात त्या वेळी नवीन पत्र्यांचा एक कोपराही झाकला गेला नसता. चाळीचे उडालेले पत्रे गोठ्यात धरता येतील का, असे शेजारच्या एका काकांनी हळूच सुचवले. आबांनी ते मान्य केले नाही आणि तलाठ्यांनीही हसून विषय सोडून दिला. मी आग्रह धरला तो एकाच गोष्टीचा: शेऱ्याच्या जागेत तरी चाळीतील कांदा भिजून खराब झाल्याचे लिहावे, अंदाजे वजनासह. तलाठ्यांनी क्षणभर विचार केला आणि लिहिले. त्या शेऱ्याला पैशाच्या दृष्टीने काहीच किंमत नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितले. पंचांच्या सह्या झाल्या, मजकूर वाचून दाखवण्यात आला आणि मी त्या कागदाचे छायाचित्र काढून ठेवले. गावातील आणखी काही घरांनी मग तसाच शेरा लिहून घेतला. गोठ्याची रक्कम काही महिन्यांनी आबांच्या खात्यावर आली. कांद्यासाठी काही आले नाही आणि येणार नाही हे माहीत असल्यामुळे त्याबद्दल कोणी चौकशीही केली नाही.

त्या वर्षीचा पुढचा हिशेब आठवला की आबा अजूनही अस्वस्थ होतात. पावसाळ्यात दक्षिणेकडील कांदा खराब झाला, भाव चढू लागले, 14 सप्टेंबरला केंद्राने निर्यातबंदी केली, तरीही ऑक्टोबरात भाव क्विंटलला पाच हजारांच्या पुढे गेला. ज्यांच्या चाळी कोरड्या राहिल्या होत्या त्यांना वर्षानुवर्षांची भरपाई एका महिन्यात झाली. आमच्याकडे तोवर मंदिरात वाळवून परत भरलेला थोडा कांदा उरला होता. त्याचे चांगले पैसे झाले, आणि त्यामुळेच गेलेल्या मालाची किंमत अधिक नेमकेपणाने कळली. न्याय म्हणून हेही सांगायला हवे की वादळाच्या पावसावर पूर्व भागात पेरण्या लवकर झाल्या आणि त्या वर्षीच्या मक्याने व सोयाबीनने अनेकांना हात दिला.

2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळ येत असल्याची बातमी आली तेव्हा घरात कोणी किनाऱ्यापासूनचे अंतर मोजले नाही. पहिला प्रश्न होता की केंद्र आपल्या कोणत्या बाजूने जाणार. तौक्ते समुद्रातूनच उत्तरेकडे सरकत 17 मे रोजी रात्री गुजरातच्या किनाऱ्यावर गेले, म्हणजे ते आमच्या पश्चिमेला राहिले, आणि वारा निसर्गच्या वेळेसारखा पूर्वेकडून-ईशान्येकडून येण्याऐवजी दक्षिणेच्या अंगाने लागला. चाळीला फारसे काही झाले नाही.

चाळीच्या पूर्वेकडेही आता पडदा आहे, पण त्यावरून आबा आणि दीर यांच्यात दरवर्षी वाद होतो. आबांच्या मते दोन्ही बाजू झाकल्या की ऊब कोंडते आणि पावसाने जेवढा सडला नसता तेवढा कांदा वाफेने सडतो. त्यात तथ्य आहे, आणि मे महिन्यात दुपारी चाळीत शिरून पाहिले तर ते कोणालाही पटेल. दिरांनी म्हणून पूर्वेचा पडदा पाइपावर गुंडाळता येईल असा करून घेतला आहे. खाली दोरी सोडली की काही मिनिटांत तो उतरतो. गुंडाळून ठेवायचा केव्हापासून आणि उतरवायचा केव्हा, यावर मात्र अजून एकमत नाही. सध्या तो रोहिणी लागल्यापासून रोज संध्याकाळी उतरवला जातो आणि सकाळी पुन्हा वर गुंडाळला जातो, आणि हे काम गावी असले की माझ्याकडे असते.